दोन सडकी केळी

परवा फुलपाखरं बघायला गेलो, तर वनाच्या फाटकावर माझी दोन केळी जप्त झाली. सडकी होती, हे मान्य. पण ती सडली नव्हती, सडवली होती, आणि त्याला दोन दिवस लागतात.

काळी पडलेली केळी कुस्करायची, मूठभर गूळ कालवायचा आणि डबा ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायचा. झाकण सैलच हवं, नाहीतर आंबताना वायू साठतो आणि उघडताना अर्धं केळं अंगावर येतं. हा खटाटोप अशासाठी की सगळी फुलपाखरं फुलांवर येत नाहीत. कॉमन बॅरन आणि संध्याकाळी उडणारं ईव्हनिंग ब्राऊन फुलांना फारसं विचारत नाहीत. त्यांना आंबलेलं फळ हवं. सावलीतल्या बुंध्याला दोन बोटं लेप लावून दहा पावलं मागे सरायचं, बस.

इंदुराबाहेरच्या त्या वनाच्या फाटकावर चौकीदारानं झाकण काढून वास घेतला. ‘‘भिया, ये तो दारू है.’’

आत खाण्याचे पदार्थ नेऊ देत नाहीत, माकडं मागे लागतात. नियम रास्तच आहे. पण दारू? त्यात आमचं शहर स्वच्छतेत पहिलं, त्यामुळे ऐवज ओल्या कचऱ्यात टाकायचा की घातक कचऱ्यात, यावर चौकीदार पुरता मिनिटभर दोन डब्यांमध्ये उभा राहिला.

तेवढ्यात रांगेतले एक काका पुढे सरसावले. ऑक्टोबरात माकडटोपी, खिशात सेवेची पुडी. ती पुडी सुखरूप आत गेली, कारण इंदुरात सेव हा खाण्याचा पदार्थ नाही, सवय आहे.

‘‘अहो, फुलपाखरू आणि केळं?’’ काका म्हणाले. ‘‘फुलावर बसतं म्हणून फुलपाखरू. नाहीतर केळपाखरू नसते का म्हणाले?’’

चौकीदाराला मराठी येत नव्हतं, पण बाजू कोणाची घेतली जातेय ते त्याला बरोबर कळलं. केळी गेली.

आत काका माझ्यासोबतच. ते सकाळी सातलाही येऊन गेले होते. ‘‘वीस रुपयांत दोन दिसली. म्हणजे दहाला एक पडलं! आता दुसऱ्यांदा वीस भरलेत.’’ मी म्हटलं, काका, सातला फुलपाखरू सहसा उडतच नाही. त्याचं रक्त थंड. पंख उन्हात पसरून अंग साधारण तीस अंशांपर्यंत तापवल्याशिवाय उडायचे स्नायू चालत नाहीत. निवांत पोहे-जलेबी खाऊन साडेनऊला यावं, बारापर्यंत बघावं. आणि जवळ जाताना आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. पावलांपेक्षा सावलीनं जास्त बुजतात.

‘‘मग तिकिटावर तसं छापायला नको?’’ काकांचं हे म्हणणं मात्र बिनतोड होतं.

छापलं काय होतं, तर पाटीवर हातभर मोनार्क. अमेरिकेचं फुलपाखरू! आपल्याकडचं स्ट्राइप्ड टायगर त्याच्यासारखंच दिसतं, त्याचा एक फोटो मिळू नये? बरं, पाटीचं सोडा. पाटीखालची रुई तण म्हणून उपटली होती, टाकळा साफ कापला होता आणि तिथे कुंडीत पेटुनिया. प्लेन टायगरची अळी रुई खाते, पिवळ्या ग्रास यलोची टाकळा. फुलं म्हणजे नुसतं हॉटेल. पोरं वाढवायला घर लागतं, ते तुम्ही पाडलंत. गवत कापायचं तर तुकड्यातुकड्यानं, आळीपाळीनं कापावं, म्हणजे अंडी-कोष निदान एका बाजूला तरी वाचतात. घाणेरीसुद्धा एका झपाट्यात काढू नये. ती माजते, देशी झाडं दडपते हे खरं, पण मध तिच्यात भरपूर. आधी देशी झुडपं लावा, मग ती टप्प्याटप्प्यानं काढा. इथे सगळं एका दिवसात, बहुधा कुणी साहेब यायचे म्हणून. या वनाची ख्याती म्हणे फुलपाखरांची!

पाणवठ्याजवळच्या ओल्या चिखलात मात्र तीसेक एमिग्रंट, म्हणजे फुलपाखरंच, सोंडा रोवून बसले होते. बाजूलाच गाय उभी. काकांनी नाक दाबलं. ‘‘हे... हे गोमूत्र चाटतायत?’’

‘‘मीठ घेतायत. मधात सोडियम जवळजवळ नसतंच. आणि हे बहुतेक सगळे नर. गोळा केलेलं मीठ मीलनाच्या वेळी मादीला देतात, अंड्यांच्या कामी येतं.’’

‘‘आहेर?’’

‘‘आहेरच.’’

काका हेलावले. ‘‘नुसतं मीठच हवंय ना बिचाऱ्यांना?’’ आणि मी ‘अहो काका’ म्हणेपर्यंत त्यांनी खिशातली पुडी फोडून पाव किलो लवंग-सेव चिखलावर उधळली.

तीसच्या तीस उडाले. झाडावरून पाच माकडं उतरली. मागे शिट्टी वाजली. वळून पाहिलं तर चौकीदार बोट रोखून उभा, माझ्यावर.

‘‘केले वाले भिया! फिर आप?’’