शिकल्याने विश्वास पातळ होतो?

मागच्या रविवारी फोन लावला तेव्हा दादाच्या बैठकीत वाद पेटलेला होता. इकडे एडिनबरोत सकाळचे दहा, तिकडे जालन्यात दुपारचे अडीच. उपासना आटोपून, जेवणं उरकून सगळे जमलेले. विषय माझ्या भाच्याचा. बारावी सायन्सला 78 टक्के पडलेत आणि त्याला आता बी.ए. करायचं आहे. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय, आणि पुढे थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र. वहिनीच्या डोळ्यांना पाणी. दहावीनंतर दोन वर्षं पोराला लातूरला ठेवलं, क्लासची फी भरली, खोलीभाडं भरलं, मेसचा डबा लावला, ते काय बी.ए.साठी? दादाचं म्हणणं एका वाक्याचं: "आर्ट्स करून तासिकेवर मास्तर होणार का?" मग मामा बोलले. ते आमच्या मंडळीत, म्हणजे जालन्याच्या चर्चमध्ये, तीस वर्षं पंच आहेत, त्यांच्या शब्दाला वजन आहे. "लेकरा, जास्त शिकलं की विश्वास पातळ होतो. तुझ्या आत्याच्याच गावाकडं बघ. समदे शिकलेले, अन् चर्चं विकायला काढलेली."

मी त्या दिवशी नीट उत्तर दिलं नाही. चौघं एकदम बोलत होती आणि मी रात्रपाळी करून आले होते. म्हणून आता सावकाश लिहिते आहे.

मामांची माहिती खरी आहे. स्कॉटलंडच्या 2022 च्या जनगणनेत 51.1 टक्के लोकांनी आपल्याला कोणताच धर्म नाही असं सांगितलं. 2011 साली हे प्रमाण 36.7 टक्के होतं. स्वतःला चर्च ऑफ स्कॉटलंडचे म्हणवणारे त्याच काळात 32.4 वरून 20.4 टक्क्यांवर आले. मी ज्या चर्चमध्ये जाते तिथे रविवारी तीसेक माणसं असतात, आणि पन्नाशीची मी त्यांच्यात तरुण. मागच्या वर्षी पलीकडच्या वस्तीतलं चर्च विक्रीला लागलं. ती पाटी वाचून मी तिथेच उभी राहिले. जालन्यात चर्चवरचे पत्रे बदलायचे होते तेव्हा आम्ही पोरीबाळी वर्गणीसाठी घरोघर फिरलो होतो. कुणी पाच रुपये दिले, कुणी पायलीभर ज्वारी दिली.

पण ही चर्चं थिऑलॉजीने रिकामी केली, हे मला पटत नाही. जी माणसं यायची थांबली त्यांनी थिऑलॉजीचं पुस्तक कधी उघडलेलं नसतं. मी नर्स आहे, ही माणसं मला वॉर्डात रोज भेटतात. कुणाच्या आईला पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, लागेल असं बोलला आणि घराने चर्च सोडलं. कुणी म्हणतं, आईवडील गेले, मग जायला कारण उरलं नाही. बहुतेकांना तर आपण कधी सोडलं हेही सांगता येत नाही. रविवारी दुसरं काहीतरी होत गेलं, एवढंच. अभ्यासाने त्यांना धरून ठेवलं नाही, हे मी कबूल करते. अभ्यासाने त्यांना घालवलं असं मात्र नाही.

शहराच्या मधोमध, माउंड नावाच्या चढावर न्यू कॉलेज आहे. पाळक कोण असावा हे जमीनदारांनी ठरवू नये, या मुद्द्यावर 1843 साली साडेचारशेहून अधिक पाळक घर, पगार सोडून चर्च ऑफ स्कॉटलंडमधून बाहेर पडले. त्यांनी काढलेल्या फ्री चर्चचं हे कॉलेज, आज एडिनबरो विद्यापीठाचा भाग. त्याच 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चबरोबर गेले, आणि पुढे याच शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गावकुसाबाहेरची किती घरं तिथे आली. त्यांत आमचे पणजोबा होते. माउंडचा तो चढ मी पहिल्यांदा चढले तेव्हा मला परक्याच्या दारात आल्यासारखं वाटलं नाही.

42 व्या वर्षी, नोकरी सांभाळून, मी तिथे अर्धवेळ शिकायला लागले. पहिल्याच सत्रात, बायबलच्या नव्या कराराच्या वर्गात, शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, सर्वांत जुन्या प्रतींत नाही. ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड टाकावा, ती गोष्ट. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या दोन्ही हस्तलिखितांत सातव्या अध्यायाच्या 52 व्या वचनानंतर थेट आठव्यातलं 12 वं वचन येतं. मधली गोष्ट नाहीच.

माझ्या पोटात धस्स झालं. कारण ती गोष्ट माझ्या आज्जीची होती. आज्जीला सहीसुद्धा येत नव्हती. पण बायांच्या सभेत ती हीच गोष्ट सांगायची, आणि येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहितो तिथवर आली की स्वतः वाकायची, मातीत बोट फिरवायची. सगळ्या बाया गप्प व्हायच्या. त्यातल्या कितीतरी जणींना गावाने काय काय म्हटलेलं होतं. आणि आता मला इथे सांगत होते की ते पान मुळात नव्हतंच.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी बसमध्ये एकदम पैठण आठवलं. सातवीच्या सहलीत, संत एकनाथांच्या वाड्यासमोर, आमच्या मराठीच्या गुरुजींनी सांगितलेलं. नाथांच्या हाती ज्ञानेश्वरी आली तेव्हा तिला जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. नक्कल करणाऱ्यांच्या चुका शिरलेल्या, कुणी आपल्या ओव्या घुसडलेल्या. नाथांनी प्रती जमवल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पाठ शुद्ध केला. वर ताकीद लिहून ठेवली: "ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥" अमृताच्या ताटात करवंटी. मराठवाड्यात, गोदावरीच्या काठी, एका भक्ताने चारशे वर्षांपूर्वी केलेलं काम मी एडिनबरोत इंग्रजीतून शिकत होते आणि घाबरत होते. ग्रंथावर प्रेम होतं म्हणूनच नाथ एकेक ओवी तपासत बसले. त्या तपासणीने त्यांची भक्ती पातळ झाली, असं पैठणात कुणी म्हणेल का?

आज्जीची गोष्टही मला परत मिळाली, शिकत गेले तशी. ती फार जुनी आहे. काही हस्तलिखितांत ती लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसलेली दिसते. जागा ठरलेली नव्हती, तरी टाकून द्यायला कुणाचा जीव झाला नाही. अनेक छापील बायबलांत ती आज कंसात असते. आता तो कंस दिसला की मला ती नकलून घेणारी माणसं दिसतात, आज्जीसारखीच, गोष्ट हातची जाऊ न देणारी.

मामा, हा प्रश्न तुमच्या दारात आलेला आहे. तरुणसंघाच्या सभेत एका मुलाने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून नेमकं हेच विचारलं होतं, की ही गोष्ट जुन्या प्रतींत का नाही, आणि असले प्रश्न सैतान घालतो म्हणून त्याला खाली बसवलं. भाच्याने मला सांगितलं. तो मुलगा पुढे यायचाच बंद झाला. त्याचा विश्वास शिकल्याने गेला नाही. शिकलेलं कुणी त्याच्याजवळ बसलं नाही, म्हणून गेला. माझ्या वर्गातल्या दोघांनी शिकता शिकता विश्वास सोडला, हेही मी लपवत नाही. पण त्यांच्याशी शेवटपर्यंत वाद घालणारं, त्यांना चहाला नेणारं कुणीतरी होतं. आपल्या त्या पोराला तेवढंही मिळालं नाही.

प्रश्न विचारणं ही काही बाहेरून आणलेली गोष्ट नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला नाव मिळालं मिलिंद. मिलिंद म्हणजे नागसेन भिक्खूला धर्माबद्दल एकामागून एक अवघड प्रश्न विचारणारा राजा. परिसराचं नाव नागसेनवन. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांच्या नावाने एक जागा उभी केली आणि त्यात मराठवाड्यातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या घरांतली मुलं बसवली. आपल्या मंडळ्या त्याच घरांतून आल्या आहेत.

आणि थिऑलॉजी फक्त हस्तलिखितांची नसते. 1981 साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात थिऑलॉजीचे अभ्यासक अरविंद निर्मल यांनी एक व्याख्यान दिलं, ज्यातून पुढे दलित थिऑलॉजी उभी राहिली. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, 26 व्या अध्यायात, इस्राएली माणूस पहिलं पीक देवापुढे ठेवून म्हणतो की माझा पूर्वज भटका अरामी होता. निर्मल यांनी विचारलं, मग दलित ख्रिस्ती माणसाने आपला पूर्वज कोण म्हणून सांगावं? त्याला तर भटकायचीही मोकळीक नव्हती. हे मी पहिल्यांदा न्यू कॉलेजच्या ग्रंथालयात वाचलं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या यादीतून ख्रिस्ती दलित बाहेर राहिले, त्या दाखल्यासाठी दादाने तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. आमच्या घरात इतकं दुखतं आहे आणि त्याला शब्द मिळाले ते परदेशात, इंग्रजीत. याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

म्हणून मला भाच्याने शिकावं एवढ्यावर थांबायचं नाही. त्याने मराठीत शिकावं. आज आपल्याकडे प्रॉटेस्टंटांची बी.डी., म्हणजे थिऑलॉजीची पदवी, बहुतेक करून बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटची, आणि शिकवणं बहुतांश इंग्रजीत. 1857 ची विद्यापीठं लंडनच्या धर्तीवर निघाली, अनेक धर्मांच्या देशात भांडण नको म्हणून धर्मविषय पदवीबाहेर ठेवला गेला. कारण समजण्यासारखं होतं. पण त्यामुळे संतसाहित्य मराठी विभागात, पाली दुसरीकडे, आणि ख्रिस्ती विचार कुंपणाआडच्या सेमिनरीत, अशी वाटणी झाली. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण छापून झालं. शंभर वर्षं उलटली. मराठवाड्याच्या विद्यापीठात एखाद्या मुलीला मराठीतून ग्रीक शिकता यावं, शेजारच्या वर्गात लीळाचरित्र आणि त्रिपिटक चालू असावं, हे मागणं मोठं आहे का?

राहिला दादाचा मुद्दा, पोटाचा. तो खोटा नाही. तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक मी पाहिलेत, दिवाळीपर्यंत मानधनाची वाट बघणारे. इकडेही सुख नाही. 2023 मध्ये ॲबर्डीन विद्यापीठाने परकीय भाषांच्या स्वतंत्र पदव्या बंद करायचा घाट घातला होता. पण आपल्याच गल्लीत सायन्स सोडलेली मुलं एमपीएससीसाठी इतिहास, राज्यघटना, मराठी पाठ करत अभ्यासिकेत बसली आहेत, त्यांना कुणी वाया गेलेलं म्हणत नाही. परीक्षेसाठी चालतं, समजून घेण्यासाठी चालत नाही, असं कसं?

आणि मी रोज काय पाहते ते सांगते. गेल्या हिवाळ्यात एक म्हातारे गृहस्थ होते, स्मृतिभ्रंश झालेला, मुलीलाही ओळखत नव्हते. रात्री भिऊन ओरडायचे. औषध दिलेलं, डॉक्टर येऊन गेलेले. रुग्णालयाच्या चॅपलिन, म्हणजे तिथल्या पाळक, बाई आल्या. त्यांनी त्यांची फाइल वाचली, कुठल्या बेटावरचे ते पाहिलं, आणि शेजारी बसून 1650 च्या स्कॉटिश स्तोत्रसंग्रहातलं तेविसावं स्तोत्र हळू म्हणायला लागल्या. दुसऱ्या ओळीला म्हाताऱ्यांचे ओठ हलले. पाचही कडवी त्यांनी म्हटली. कुठल्या माणसाला कुठले शब्द लागतात, हे त्या बाई थिऑलॉजी शिकून शिकल्या होत्या. मी त्या रात्री नाडी मोजत होते आणि मला आपल्या मिशन दवाखान्यातले आजोबा आठवत होते, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर वाजवत खाटेखाटेपाशी फिरणारे. त्यांच्यानंतर तिथे कुणी नाही.

दादा, पहिल्या तीन वर्षांची फी मी पाठवते, त्याची काळजी करू नकोस. वहिनीला म्हणावं, लातूरची दोन वर्षं वाया गेली नाहीत, पोराला बैठक लागली आहे. मामांशी मी नाताळात येऊन बोलेन, बायबल समोर ठेवून, त्या कंसापासून सुरुवात करेन. प्रवेशाचा फॉर्म भाच्याने भरून ठेवला आहे. तुझी सही तेवढी राहिली आहे, ती कर.