साकामुरांना विमानात कोणी बसवलं?

भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकावा, याचंच जास्त वाईट वाटलं. मेसेजचा मथितार्थ असा: जपानच्या केन साकामुरांनी विंडोजच्या आधी 'ट्रॉन' नावाची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम बनवली, अमेरिकेने १९८५ साली विमान पाडून त्यांना आणि त्यांच्या सतरा इंजिनिअरांना मारलं, ट्रॉन संपलं आणि बिल गेट्सला रान मोकळं झालं. खाली आत्याचं 'बाप रे!'

साकामुरा त्या विमानात नव्हतेच. १९८५ साली 'मेलेला' हा माणूस २०१७ पर्यंत टोकियो विद्यापीठात होता, तिथून निवृत्त होऊन टोयो विद्यापीठात गेला. एवढं शोधायला दोन मिनिटं लागतात.

आता विमान. इंजिनिअरांची अफवा जपानमध्येही जुनीच आहे. १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सचं १२३ क्रमांकाचं उड्डाण टोकियोच्या हानेदा विमानतळाहून ओसाकाला निघालं आणि गुन्मा प्रांतातल्या डोंगरात कोसळलं. ५२४ जणांपैकी ५२० गेले. चौकशी आयोगाचा १९८७ चा अहवाल आहे, तो तरी चाळा. १९७८ मध्ये याच विमानाची शेपटी उतरताना धावपट्टीला घासली होती. बोइंगच्या लोकांनी मागची दाब-भिंत, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब शेपटीकडे अडवणारी भिंत, दुरुस्त केली. जोडावर एकसंध पट्टी हवी होती; ती दोन तुकड्यांत कापून बसवली. त्यामुळे रिव्हेटच्या दोन ओळींनी पेलायचा भार एकाच ओळीवर आला. पुढची सात वर्षं दर उड्डाणाला केबिनमध्ये हवेचा दाब भरत होता, उतरत होता आणि भोकांपासून तडे वाढत होते. शेवटी भिंत फाटली, शेपटीचा मोठा भाग उडाला, विमान वळवायचं हायड्रॉलिक्स गेलं. वैमानिकांनी ते धूड तरी अर्ध्या तासाच्या आसपास हवेत ठेवलं. एका निकृष्ट दुरुस्तीने ५२० माणसं मेली, आणि इथे त्यांचा मसाला करून वाढतायत.

शिवाय काळाचा हिशोब बघा. ट्रॉन सुरू झालं १९८४ मध्ये. मात्सुशिता कंपनीने बीट्रॉनचा, म्हणजे त्यातल्या पीसीच्या शाखेचा, चालता कॉम्प्युटर दाखवला तो अपघातानंतर. मारलं म्हणता ते काम नंतर पुरं कोणी केलं, भुतांनी?

'विंडोजच्या आधी' हेही अर्धवट. विंडोजची घोषणा १९८३ चीच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. अमेरिकेने दबाव आणला होता. १९८९ मध्ये तिच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने परदेशी व्यापार-अडथळ्यांच्या अहवालात ट्रॉनचं नाव घातलं. जपानी शाळांत बीट्रॉनचे कॉम्प्युटर द्यायची योजना त्याच सुमारास बारगळली. पण हे सगळं कागदावर, उघड, अपघातानंतर चार वर्षांनी. आणि त्या वेळी जपानी पीसी बाजारावर राज्य होतं एनईसी या जपानी कंपनीच्या पीसी-९८ कॉम्प्युटरचं, तेही मायक्रोसॉफ्टच्याच एमएस-डॉसवर. एनईसीला बीट्रॉनमध्ये फारसा रस नव्हता. हा भाग मेसेजमध्ये कसा येईल? त्यात खलनायक जपानी निघतो.

आणि ट्रॉन संपलं म्हणे! संपली ती पीसीची शाखा. यंत्रांच्या पोटात चालणारं आयट्रॉन मोबाइल, डिजिटल कॅमेरे, गाड्यांच्या इंजिन-नियंत्रणापर्यंत गेलं. २०१८ मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपलं एक मानकच या घराण्याच्या मायक्रो टी-कर्नलवर बेतलं. तपशील सगळ्यांना खुला, परवान्याचे पैसे नाहीत, त्यामुळे खोक्यावर नाव छापायची कोणाला गरजच पडली नाही.