सुदान ब्लॉकच्या लेखावरच्या त्या कमेंटला उत्तर

साहेब, तुमची कमेंट सकाळीच वाचली होती, म्हटलं डोकं जरा थंड होऊ दे मग लिहू. नाही झालं.

तुमचं म्हणणं असं की खडकवासल्याच्या एनडीएतली, म्हणजे सैन्याधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली, सुदान ब्लॉक ही इमारत सुदानच्या पैशातून झाली ही लोणकढी थाप आहे, तेवढ्या रकमेत वरचा घुमटसुद्धा झाला नसता. आणि शेवटी, 'गेटच्या आत पाय न ठेवता इतिहास लिहिणाऱ्यांना काय बोलणार'. लोणकढी थाप हे तोंडावर म्हणाला असता का हो? मतभेद असू द्या, पण बोलायची काही पद्धत असते.

रकमेचं पटकन सांगतो. दुसऱ्या महायुद्धात सुदानसाठी लढताना आपले जवान गेले, त्यांच्या स्मारकासाठी सुदानने १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले. फाळणीत आपल्या वाट्याला त्यातले ७०,००० आले, ३०,००० पाकिस्तानला गेले. ही वाटणी लेखात टाकायला हवी होती, मान्य, टाकतो. पण मी 'खर्चाचा काही भाग' लिहिलंय, 'सगळा खर्च' हे तुम्ही वाचलंत. आणि थापच असती तर ३० मे १९५९ ला उद्घाटनाला सुदानचे राजदूत कशाला आले असते, चहा प्यायला?

आता गेटचं. माझे वडील रिटायर होईपर्यंत तिथेच सिव्हिलियन क्लार्क होते, आम्ही कोंढवे-धावड्यात राहायचो, शाळेला सुट्टी असली की कधी कधी पासवर मला आत न्यायचे. बाहेरून काळा बेसाल्ट आणि जोधपूरचा लाल दगड, आत गेलं की संगमरवर, भर मे महिन्यात पायाला गार लागायचा, आणि वडील दबक्या आवाजात म्हणायचे चपला वाजवू नकोस, साहेब लोक बसलेत. हे मी कुठल्या वेबसाइटवरून उचललं नाही हो. तुमचा भाचा तिथे कॅडेट होता म्हणता, छान, अभिमान वाटावा असंच आहे, पण तो भाचा होता, तुम्ही नव्हे.

तेव्हाचे सरसेनापती ऑकिनलेक यांच्या कमिटीचं नाव घेतलं नाही म्हणून ओरडलात. १९४६ च्या डिसेंबरात त्यांचा रिपोर्ट आला, त्यातून अकादमी झाली, हे सगळ्यांना माहितीये, माझा लेख एका इमारतीवर होता. आणि एनडीएला 'शाळा' म्हटलं म्हणून जे चार ओळी सुनावलंत त्यावर मी काहीच बोलत नाही. पुढची कमेंट नावानिशी टाका, 'सत्यशोधक' वगैरे नको, नाहीतर अप्रूव्ह करणार नाही.