मेंदूतल्या पेशी ‘नुसता भराव’ नाहीत

“मेंदूतल्या दहापैकी नऊ पेशी नुसता भराव असतात, खरी चेतापेशी एकच. नसांमधून तारेसारखा करंट धावतो आणि नस एकदा तुटली की कायमची गेली.” हा मजकूर खूप फिरतोय. त्यातला प्रत्येक मुद्दा तपासायला हवा, कारण शेवटचा मुद्दा माणसाचं नुकसान करू शकतो.

आधी आकडा. हे प्रमाण पूर्वी पाठ्यपुस्तकांतही असायचं. २००९ साली ब्राझीलच्या मेंदूशास्त्रज्ञ सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूची ऊती विरघळवून पेशींची केंद्रकं मोजली. चेतापेशी निघाल्या सुमारे ८६ अब्ज, बाकीच्या सगळ्या मिळून साधारण ८५ अब्ज. म्हणजे जवळपास निम्म्या-निम्म्या.

‘भराव’ हा समज नावातूनच आला. चेतापेशींना साथ देणाऱ्या या बाकीच्या पेशींना ‘ग्लिया’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ चिकटवणारा पदार्थ. प्रत्यक्षात याच पेशी चेतापेशींभोवती साचलेलं ग्लुटामेट हे संदेश पोचवणारं रसायन उचलून घेतात. ते साचत राहिलं तर चेतापेशी अतिउत्तेजित होऊन मरतात.

आता करंट. तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीने सरकतात. अक्षतंतूत, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यात, सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले कण) बाहेरून आत शिरतात, मग पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि हीच उलथापालथ पुढच्या टप्प्यावर पुन्हा घडते. म्हणून वेगही मर्यादित. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या नसेत तो मोजला, तेव्हा सेकंदाला तीसेक मीटर भरला. माणसाच्या सर्वांत वेगवान तंतूंत तो १२० मीटरपर्यंत जातो, मायलिन या चरबीयुक्त थराचं वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत जेमतेम एक-दोन मीटर. ठेच लागल्यावर आधी झणका आणि मागून ठसठस येते ती यामुळेच: झणका वेष्टनवाल्या तंतूंतून येतो, ठसठस उघड्या तंतूंतून. आणि हे वेष्टन घालतं कोण? भराव म्हणून हिणवलेल्या पेशीच! मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतलं हे मायलिन झडतं, संदेश अडखळतात, माणसाचं चालणं-बघणं बिघडतं.

राहिली तुटलेली नस. मेंदू आणि मज्जारज्जूपुरतं ते विधान बरंचसं खरं आहे. हातापायांत मात्र तिथल्या नसांना वेष्टन घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशी तुटलेल्या तंतूसाठी वाट आखून देतात आणि तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. नस वेळेत शिवून घेणं त्यासाठीच महत्त्वाचं. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अंतर पंधरा-अठरा सेंटिमीटर, म्हणजे पाच-सहा महिने. शिवल्यानंतर तिसऱ्या महिन्यात बोट बधिर आहे, एवढ्यावरून नस गेली असं कुणी ठरवू नये.