काडीवरची साक्ष

मोटरसायकलचे ऑइल तपासणे हे मिनिटभराचे काम आहे, असे ज्यांचे मत असते त्यांनी ते बहुधा दुसऱ्याला सांगितलेले असते. माझ्या स्प्लेंडरची रीत अशी, की गाडी सपाट जागी मेन स्टँडला लावायची, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचे, ऑइल खाली उतरेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबायचे, मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी आट्यांच्या झाकणाची काडी, काढून पुसायची आणि पुन्हा आत घालायची. मात्र फिरवायची नाही, नुसती टेकवायची. यातील ‘सपाट जागी’ या अटीवरच आमच्या सोसायटीचे पार्किंग बाद होते, कारण पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तिथे दिलेला उतार पाण्याखेरीज सर्वांच्या लक्षात आलेला आहे.

थांबण्याची ती दोन-तीन मिनिटे फार धोक्याची असतात. गाडीशेजारी उकिडवा बसलेला माणूस दिसला, की इमारतीतील प्रत्येक पुरुषाला आपण मूळचे मेकॅनिक असल्याचा साक्षात्कार होतो. फिरवून बसवली तर काडी अधिक खोल जाते आणि कमी असलेले ऑइलही पुरेसे दिसते, हे मी पहिल्या मजल्यावरच्या काकांना समजावू लागलो, की ते आपल्या जुन्या येझदीचा दाखला देतात. ती गाडी टू-स्ट्रोक. तिचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे, तेव्हा इंजिनातले मोजायचा प्रश्नच नव्हता. पण वडीलधाऱ्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगावे?

ऑइल बदलायचे असेल तर खटाटोप आणखी वाढतो. मोटरसायकलचा क्लच बहुधा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी लागते. कारचे निसरडे ऑइल घातले तर क्लच घसरू शकतो. दुकानदार मात्र “साहेब, ऑइल ते ऑइल” या अद्वैतावर ठाम असतो. इंजिन कोमट असतानाच खालचा ड्रेन बोल्ट सैल करावा, म्हणजे पातळ झालेले ऑइल भराभर उतरते, हे खरे. पण ते नेमके कोठे उतरेल याची हमी कोणी देत नाही. त्याच वेळी गॅलरीतून “अहो, माझी परात कुठे आहे?” असा प्रश्न येतो आणि परातीकडे न पाहता उत्तर देण्याचे कौशल्य पणाला लागते. पुढे नवा वायसर घालून बोल्ट आवळताना जोर कमी पडला तर गळती, अधिक झाला तर आटे जातात. या दोहोंमधला जोर हात दुखू लागल्यावरच सापडतो.

नव्या ऑइलचा स्वभाव तर फारच संकोची. फरशीवर पडलेला त्याचा थेंब तिसऱ्या मजल्यावरून दिसतो. काडीवर मात्र ते इतके पारदर्शक असते, की ती उजेडात तिरपी धरून डोळे बारीक करावे लागतात. जुने ऑइल गटारात ओतणे योग्य नाही, म्हणून मी ते कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे नेले. त्याने कॅन ठेवून घेतला, सवयीने माझ्या गाडीची डिपस्टिक काढली, शेडच्या अंधारात उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाला, “साहेब, ऑइल पार संपलंय की! टाकू का?”