बायपासवाल्या भाऊला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. शाळेच्या बॅचचा ग्रुप, सोसायटीचा, साडूंचा, आणि चौथा चक्क गाड्यांच्या हौशींचा. विषय ऑटोक्रॉस, म्हणजे मैदानावर रबरी कोन मांडून घड्याळाशी गाडी पळवण्याची स्पर्धा. मजकूर थोडक्यात असा: ‘ऑटोक्रॉस हे मोठ्या शहरातल्या पैसेवाल्यांचं खूळ आहे. रोजची गाडी त्यात घातली की एका दिवसात इंजिन, क्लच, सस्पेन्शन सगळं बसतं. विमा एक रुपया देत नाही. खान्देशात असलं काही होणं शक्य नाही. हौसच असेल तर रात्री अकरानंतर बायपास मोकळा असतो, तिथे हात साफ करा, फुकटात.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी.

मी धुळ्याचा. आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, तिच्यानेच ऑफिस, तिच्यानेच भाजीबाजार, आणि तिच्यानेच आतापर्यंत तीनदा नाशिककडे ऑटोक्रॉसला गेलो. एकदा सिमेंटच्या पार्किंगवर, दोनदा मुरमाच्या मैदानावर. तिन्ही वेळा माझा नंबर खालून मोजलेला बरा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कोणी चॅम्पियन समजून भांडायला नको.

मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा युरोपातले व्हिडिओ पाहिले असावेत. तिकडे ऑटोक्रॉस म्हणजे मातीच्या ट्रॅकवर पाच-दहा गाड्या एकदम सुटतात, एकमेकींना घासतात. आपल्याकडची गोष्ट वेगळी. शंकरपटात बैलजोडी घड्याळाशी धावते, तसंच हे. कोन लावून आखलेला वळणावळणांचा रस्ता, त्यावर तुम्ही आणि घड्याळ. कोन पाडला की वेळेत दंड चढतो. अमेरिकेत एससीसीए या मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमात तो एका कोनाला 2 सेकंद आहे. इंजिनच्या क्षमतेनुसार गट असतात, त्यामुळे माझ्या गाडीची गाठ मोठ्या इंजिनवाल्याशी पडत नाही.

आता ‘गाडी बसते’ हा मुद्दा. एक फेरी एक-दोन मिनिटांची, दिवसभरात तीन-चार फेऱ्या. माझी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच गेली. यापेक्षा जास्त मार तिला आमच्या गल्लीतले बिनरंगाचे स्पीडब्रेकर रोज देतात. गाडी बसते ती चालवणाऱ्याच्या चुकीने, आणि त्या चुका मोजक्या आहेत. सुटताना चार हजार आरपीएमवर क्लच घसरवत सोडला तर क्लच प्लेट जळते. मी पहिल्या फेरीत नेमकं तेच केलं. वास नाकात बसला, आणि तिथे उभा असलेला आमच्याच गावचा मेकॅनिक म्हणाला, “भाऊ, गाडीले काय व्हई? तुना पाय जड शे.” पुढच्या फेरीला साध्या सिग्नलवरून निघावं तसा निघालो, तर वेळ उलट कमी लागला.

इंजिन ऑइल मात्र डिपस्टिकवर वरच्या खुणेला हवं. सलग दाबून वळलं की ऑइल चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं, आणि पातळी आधीच कमी असेल तर पंप हवा ओढतो. ब्रेक ऑइल कधी बदललंय हे आठवत नसेल तर बदलूनच जा. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 4 या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना 230 अंशांच्या आत उकळता कामा नये असा निकष आहे. ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी तोच निकष 155 वर येतो. उकळलं की पेडल लोण्यासारखं आत जातं. हे ऑटोक्रॉसला गेलात किंवा न गेलात तरी करायचंच काम आहे. सातपुड्याचा घाट उतरतानाही तोच ब्रेक दाबायचा असतो. आणि फेरी संपल्यावर गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.

टायर संपतात म्हणे. थोडे घासतात, खरं आहे. पण कुठून घासतात ते बघण्यासारखं असतं. सिमेंटवरच्या त्या दिवशी शेजारच्या एका मुलाने माझ्या पुढच्या टायरवर खडूने तीन रेघा ओढल्या, कडेपासून थेट बाजूच्या भिंतीपर्यंत. फेरी मारून आलो तर रेघा खालच्या अक्षरांपर्यंत पुसलेल्या. म्हणजे टायर वळणात आडवा होऊन भिंतीवर चालत होता. टायरमधली हवा 32 पीएसआय होती, 36 केली. पुढच्या वेळी खडू कडेलाच पुसला आणि स्टिअरिंग एकदम हलकं, चोख वाटायला लागलं. तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माझ्या मामांना हे दाखवलं तर त्यांनी घरी जाऊन स्वतःच्या टायरवर खडू ओढला! (हवा तपासायची ती सकाळी, थंड टायरवर. तापमान दहा अंशांनी वाढलं की सुमारे दीड पीएसआय आपोआप चढते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो.)

पैशांचा मुद्दा लवकर उरकतो. प्रवेश फी, पेट्रोलचा खर्च, एक चांगलं हेल्मेट. कोणतं चालेल ते नियमपत्रकात लिहिलेलं असतं, आधी वाचा. स्पर्धेसाठी एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाचं, लायसन्स लागतं. पहिल्या वेळी गाडीत काहीही बदलू नका, उलट काढा. स्टेपनी, जॅक, मागच्या सीटखालची पाण्याची बाटली, आरशाला लटकवलेलं लिंबू-मिरची, सगळं. माझ्या सीटखालून मुलाची शाळेची पट्टी निघाली. ती ब्रेकखाली गेली असती तर हा लेख कोणी दुसऱ्याने लिहिला असता.

विम्याच्या बाबतीत मेसेज बरोबर आहे, आणि इथे मी वाद घालणार नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. मैदानावर काही झालं तर खर्च आपला. म्हणून हप्ते चालू असलेली, घरात एकुलती एक, आणि जिच्यावर वडिलांचं डायलिसिस अवलंबून आहे अशी गाडी घेऊन जाऊ नका. पण त्याच मेसेजने पुढे बायपासवर जायचा सल्ला द्यावा, ही कमाल आहे. त्याकडे येतोच.

‘खान्देशात शक्य नाही.’ आज मला 160 किलोमीटर नाशिकला जावं लागतं, हे कबूल. पण कारण जागा नाही असं नाही. काळी जमीन कामाची नाही, पावसात ती चाक गिळते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरमाची माळरानं मात्र धुळे-नंदुरबारच्या बाजूला कमी आहेत का? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवामानही सोन्यासारखं. कमी आहे ती संयोजकाची. मान्यताप्राप्त क्लब, परवानगी, मार्शल, अँब्युलन्स, आग विझवायची सोय, हे सगळं कोणीतरी अंगावर घ्यावं लागतं. नाशिकला ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही मोटार रॅली झाली ती तिथे डोंगर होते म्हणून नव्हे, कामाला माणसं उभी राहिली म्हणून. सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा एवढा बाजार भरवणाऱ्या मुलखाला पन्नास कोन मांडणं जड जाईल, हे मला पटत नाही.

आणि आता बायपास. मेसेजमधलं हे एकच वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो.

पहिलं, ते फुकट नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार सार्वजनिक जागी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगचाचणी केली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद किंवा 10000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसरं, तिथे शिकायला काही मिळत नाही. सरळ रस्त्यावर पाय दाबणं ही कला नव्हे. वळणाआधी ब्रेक संपवणं, नजर पुढच्या कोनावर ठेवणं, पुढची चाकं सरकायला लागली की स्टिअरिंग आणखी न पिळता थोडं सैल करणं, हे चुकत चुकतच येतं, आणि चुकायला मोकळी जागा लागते. मैदानावर चुकलो तर रबरी कोन पडतो. मी एका दिवसात अकरा पाडले.

तिसरं माझ्या स्वतःच्या अनुभवातलं. तेवीस वर्षांचा असताना मीही अकरानंतरच्या बायपासवर गेलो होतो. नोव्हेंबर होता, कापसाचे दिवस. शेजारच्या सीटवर मित्र, काटा शंभरवर. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला 28 मीटर जाते. मेंदूला कळून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत ते 28 मीटर संपतात, आणि त्यानंतर थांबायला आणखी चाळीस-पंचेचाळीस. डिपरचा उजेड तेवढ्या लांब पुरत नाही. अचानक समोर ट्रॅक्टर-ट्रॉली, तिला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, कापूस दोन्ही बाजूंना फुगून बाहेर आलेला. मी उजवीकडे ओढली, कशी ते आजही सांगता येणार नाही. सुदैवाने समोरून काही येत नव्हतं. पुढे दोन किलोमीटर आम्ही दोघंही गप्प होतो. घरी गाडी लावताना मित्राने डाव्या आरशाकडे बोट दाखवलं. त्याच्या फटीत मूठभर कापूस अडकला होता.