«सेकंद गुणिले आठ»: भूकंपाचं अंतर काढायच्या त्या मेसेजमध्ये काय चुकतं

पालघरकडे जमीन हलली की ठाणे, नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: «फोनचं घड्याळ नेमकं लावा. पहिल्या आणि दुसऱ्या धक्क्यातले सेकंद मोजा, आठाने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर केंद्र. पंचविसेक सेकंद आले तर कोयनाच.»

«आठाने गुणा.» याला आधार आहे. भूकंपातून दोन लहरी निघतात: आधी पोचणारी पी आणि मागून येणारी एस. भूकवचातून पी लहर सेकंदाला साधारण 6 किमी जाते, एस लहर 3.5. दर किलोमीटरला एस 0.119 सेकंद मागे पडते, म्हणून एका सेकंदाला 8.4 किमी. पण हे दोन-अडीचशे किमीपर्यंतच ठीक. दूरच्या भूकंपाच्या लहरी खोल प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, वेगाने येतात. फरक 8 मिनिटांचा असेल तर आठाच्या पाढ्याने 3,840 किमी येतात, लहरींना किती अंतराला किती वेळ लागतो ते देणाऱ्या प्रवासकालाच्या तक्त्यात मात्र साडेसहा हजारांच्या आसपास.

«पहिला आणि दुसरा धक्का.» खरी गफलत इथे आहे. लांबून आलेली पी लहर इतकी क्षीण असते की माणसाला बहुतेकदा कळतच नाही. घोडबंदर रोडवर विसाव्या मजल्यावर पंखा हलताना दिसतो तो एस किंवा त्यामागून येणाऱ्या पृष्ठीय (जमिनीच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या) लहरींमुळे, आणि उंच इमारत नंतरही आपल्या लयीत डोलत राहते. मग मोजलेले सेकंद नक्की कशाचे? भूकंपालेखावर, म्हणजे भूकंपमापकाने काढलेल्या रेघेवर, पी उभ्या घटकात (जमिनीच्या वर-खाली हालचालीच्या नोंदीत) शोधतात. एस आडव्या घटकांत, जिथे आयाम (रेघेची उंची) एकदम वाढतो आणि लाटा रुंदावतात. तिथेही एसची सुरुवात पीच्या शेपटात बुडालेली असते. वाचनात दोन सेकंद चुकले की 17 किमी गेले.

«तर कोयनाच.» मुळीच नाही. 26 सेकंद गुणिले 8.4 म्हणजे 218 किमी, पण दिशा कुठे कळली? ठाण्याभोवती एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा: ते कोयनेजवळून जातं, सुरतेजवळून जातं आणि अरबी समुद्रातूनही. निदान तीन भूकंपमापन केंद्रांवरची वर्तुळं लागतात. तीही एका बिंदूत छेदत नाहीत, छोटा त्रिकोण उरतो. कारण वेग सगळीकडे सारखा नसतो आणि मोजलेलं अंतर जमिनीखालच्या नाभीपर्यंतचं, म्हणजे भूकंप जिथे सुरू झाला त्या बिंदूपर्यंतचं, तिरकं असतं. फरक 1.2 सेकंद आला तर अंतर 10 किमी, पण तो भूकंप थेट पायाखाली 10 किमी खोलही असू शकतो.

«घड्याळ नेमकं लावा.» गरज नाही. दोन्ही वेळा एकाच घड्याळावर घेतल्या तर ते पाच मिनिटं पुढे असलं तरी वजाबाकीत चूक निघून जाते.